ब्राउझर आणि ई-मेल दोन्ही सारखे बंद पडतायत? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

मार्च ते मे म्हणजे रत्नागिरीत धावपळीचे महिने. हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डरी, गणपतीपुळ्यापासून गुहागर-दापोलीपर्यंतच्या होमस्टेची बुकिंग, जीएसटीची रिटर्न, मुलांचे प्रवेश अर्ज. यातलं बरंचसं काम आता कॉम्प्युटरवर चालतं. आणि नेमकं तेव्हाच ब्राउझर उघडला की दोन मिनिटांत गायब होतो. निदान मेल तरी बघू म्हणून आउटलुक किंवा थंडरबर्ड उघडावं, तर तेही पटकन मिटतं.

मग सल्ले सुरू होतात. शेजारी म्हणतात, नेटचा प्रॉब्लेम असेल. भाचा म्हणतो, क्रोम काढून परत टाक. आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "विंडोज उडालंय. फॉरमॅट मारायला लागेल."

हा शेवटचा सल्ला सगळ्यात महाग पडू शकतो, आणि ते दुरुस्तीच्या पैशांमुळे नव्हे. पाच-सहा वर्षांचा पत्रव्यवहार, बिलं, गिऱ्हाइकांचे पत्ते, बागेच्या विम्याच्या पावत्या हे सगळं कदाचित फक्त त्याच मशिनवर असतं. मेल वाचवल्याशिवाय फॉरमॅट मारला, तर ते परत मिळेलच याची खात्री नसते.

म्हणून हे प्रोग्राम बंद का पडतात, कारण कसं शोधायचं आणि कोणतं काम कोणत्या क्रमाने करायचं, ते बघू.

दोघंही आजारी, मग दुखणं कुठे?

२३ मार्च २०२१ चा दिवस आठवून बघा. भारतासह जगभरातल्या असंख्य अँड्रॉइड फोनवर जीमेल उघडलं की लगेच बंद पडत होतं. बाकीची कित्येक अ‍ॅपही तसंच करत होती. लोक अ‍ॅप काढून परत टाकत होते, फोन बंद-चालू करत होते. फरक काहीच पडत नव्हता.

कारण बिघाड जीमेलमध्ये नव्हताच. तो होता 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' नावाच्या भागात. अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवायचं काम हा भाग करतो आणि शेकडो अ‍ॅप त्याच्यावर अवलंबून असतात. तो कोसळला की त्याच्यावर टेकलेलं अ‍ॅपही कोसळतं. गुगलने क्रोम आणि वेबव्ह्यू या दोन्हींची नवी आवृत्ती दिली, लोकांनी ती टाकली आणि अ‍ॅप पूर्ववत झाली.

कॉम्प्युटरचंही असंच असतं. फक्त ब्राउझर बंद पडत असेल तर दोष ब्राउझरमध्ये शोधावा. फक्त मेल प्रोग्राम बंद पडत असेल तर मेलमध्ये. पण दोन्ही एकाच आठवड्यात बंद पडायला लागले, तर दोघं मिळून जे वापरतात तिकडे आधी बघायचं. म्हणजे डिस्क, रॅम, अँटिव्हायरस, ग्राफिक्स ड्रायव्हर आणि खुद्द विंडोज. वाडीतल्या दोन घरांचं पाणी एकाच दिवशी गेलं, तर आपण नळ बदलत बसत नाही, आधी टाकीकडे जातो. तसंच हे.

आधी नक्की काय होतंय ते ठरवा

'बंद पडतं' या एका शब्दात लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

पहिली, क्रॅश. प्रोग्राम चालता चालता अचानक मिटतो, कधी चूक सांगणारी चौकट येते, कधी तीही नाही.

दुसरी, हँग. खिडकी पडद्यावर असते, पण पांढरी पडते, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' असं येतं. थोड्या वेळाने कधी कधी आपोआप सुटते.

तिसरी, साइट न उघडणं. ब्राउझर नीट चालू आहे, फक्त पान येत नाही. हा नेटचा प्रश्न. नेट गेलं म्हणून ब्राउझर स्वतःहून मिटत नाही, तो फक्त 'जोडणी नाही' असं सांगतो. म्हणून प्रोग्राम मिटत असेल तर राउटर बदलून काही उपयोग नाही.

ब्राउझरच्या क्रॅशमध्ये अजून एक फरक बघा. क्रोम २००८ मध्ये आला तेव्हापासून तो वेगवेगळ्या टॅबचं काम शक्यतो वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये वाटतो. त्यामुळे एखादी साइट बिघडली की तेवढाच टॅब पडतो आणि 'ऑ, स्नॅप' असा संदेश दिसतो. बाकीचे टॅब चालू राहतात. एकच टॅब पडत असेल तर ती साइट किंवा मेमरी, असा साधारण अंदाज बांधता येतो. अख्खा ब्राउझरच मिटत असेल, तर मामला जरा खोल आहे.

पहिलं काम : मेल वाचवा

दुरुस्तीला हात लावण्याआधी तुमचे मेल नेमके राहतात कुठे, हे तपासा. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. फोनवर किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमधून त्याच मेल खात्यात जा आणि दोन-तीन वर्षं जुना मेल शोधा.

तो सापडला, तर तुमचं खातं बहुतेक 'आयमॅप' पद्धतीने जोडलेलं आहे. मूळ मेल कंपनीच्या सर्व्हरवर आहेत, तुमच्या मशिनवर त्याची नक्कल आहे.

फक्त गेल्या काही दिवसांचेच मेल दिसले, तर खातं बहुधा 'पॉप' पद्धतीचं आहे. या पद्धतीत मेल सर्व्हरवरून उतरवून तुमच्या मशिनवर आणले जातात, आणि सेटिंगप्रमाणे काही दिवसांनी सर्व्हरवरून पुसले जातात. म्हणजे जुन्या मेलची एकमेव प्रत तुमच्या डिस्कवर आहे. स्वतःच्या दुकानाच्या किंवा संस्थेच्या नावाने घेतलेल्या जुन्या मेल खात्यांमध्ये ही पद्धत अजून दिसते.

अशा वेळी मेल प्रोग्राम पूर्ण बंद करा आणि त्याची फाइल पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये 'फाइल', मग 'अकाउंट सेटिंग्ज' आणि त्यातल्या 'डेटा फाइल्स' इथे ती फाइल कुठे आहे ते दिसतं. तिच्या नावाशेवटी 'पीएसटी' असतं. थंडरबर्डमध्ये 'हेल्प'मधल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' या पानावर 'प्रोफाइल फोल्डर' उघडायचं बटण मिळतं. तो फोल्डर सबंध कॉपी करा. आउटलुक उघडतच नसेल, तर विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधल्या 'मेल' या पर्यायातूनही फाइलची जागा कळते.

ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्डही तपासा. खात्यात साइन-इन करून सिंक चालू असेल तर ते सुरक्षित आहेत. नसेल तर बुकमार्क एक्सपोर्ट करून घ्या.

एवढं झालं की मग निवांतपणे दुरुस्ती करता येते. काही चुकलं तरी मेल हातात आहेत.

कॉम्प्युटर स्वतःची डायरी लिहितो, ती वाचा

विंडोज कोणता प्रोग्राम कधी पडला याची नोंद ठेवतं. स्टार्ट मेनूत इंग्रजीत 'रिलायबिलिटी' एवढं टाइप करा आणि 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. तारखांचा तक्ता येतो, ज्या दिवशी काही पडलं त्या दिवशी लाल फुली असते.

इथे दोन गोष्टी बघायच्या. एक, फुल्या कधीपासून सुरू झाल्या? त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी एखादं अपडेट, नवा प्रिंटर, नवा अँटिव्हायरस आला होता का? तोही याच तक्त्यात दिसतो. दोन, फुलीवर दोनदा क्लिक केल्यावर तपशील उघडतो, त्यात 'फॉल्ट मॉड्यूल' नावाची ओळ बघा. म्हणजे कोणत्या भागात घोटाळा झाला त्याचं नाव. ब्राउझर आणि मेल या दोघांच्या नोंदीत अँटिव्हायरसच्या किंवा ग्राफिक्स कार्डच्या फाइलचं तेच नाव आलं, तर चोर जवळपास सापडला. विंडोजच्या एखाद्या सर्वसाधारण फाइलचं नाव आलं, तर मात्र त्यावरून निष्कर्ष काढू नका.

ब्राउझरच्या सगळ्याच नोंदी या तक्त्यात येत नाहीत. क्रोमची स्वतःची यादी आहे. पत्त्याच्या चौकटीत इंग्रजीत 'क्रोम', मग अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा आणि 'क्रॅशेस' असं लिहा. फायरफॉक्समध्ये 'अबाउट', अपूर्णविराम आणि 'क्रॅशेस'. किती वेळा आणि कधी पडला ते तारखेसह दिसेल.

दोन चाचण्या, ज्याने अर्धं काम होतं

पहिली चाचणी सेफ मोडची. शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' करा. येणाऱ्या पर्यायांतून 'ट्रबलशूट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' असं जाऊन पुन्हा रीस्टार्ट करा आणि ५ दाबा. म्हणजे नेटसह सेफ मोड. काही लॅपटॉप इथे 'बिटलॉकर'ची लांबलचक किल्ली मागतात, ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. तेव्हा आधी ती बघून ठेवा.

सेफ मोडमध्ये विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टी चालू करतं. ब्राउझर इथे तासभर नीट चालला, तर दोष नंतर घातलेल्या गोष्टीत आहे. म्हणजे अँटिव्हायरस, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा आपोआप सुरू होणारा एखादा प्रोग्राम. इथेही पडला, तर डिस्क, रॅम किंवा विंडोजच्या मूळ फाइल्सवर संशय घ्यावा लागेल.

दुसरी चाचणी नव्या युजरची. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नवा युजर तयार करा आणि त्यातून ब्राउझर चालवा. तिथे सगळं ठीक असेल, तर मशिन धडधाकट आहे, तुमच्या युजरच्या सेटिंग्ज बिघडल्यात. अशा वेळी फॉरमॅटची गरजच नसते.

आता एकेका संशयिताकडे

१. डिस्कवरची जागा. सी ड्राइव्ह लाल झाला आहे का बघा. ब्राउझर सतत तात्पुरत्या फाइल्स लिहितो, मेल प्रोग्रामही लिहितो. जागा संपली की दोघंही अडतात. डाउनलोडमधले जुने व्हिडिओ आणि न लागणारे पीडीएफ हलवा, 'स्टोरेज' सेटिंगमधून तात्पुरत्या फाइल्स काढा. पंधरा-वीस जीबी तरी मोकळी ठेवा.

२. रॅम. ४ जीबीच्या मशिनवर विंडोज स्वतःच बरीच रॅम घेतं. त्यावर वीस टॅब, व्हॉट्सअ‍ॅप आणि आउटलुक उघडलं की रॅम संपते. मग विंडोज डिस्कचा काही भाग रॅमसारखा वापरायला लागतं. डिस्कही भरलेली असेल तर मग कुठेच जागा उरत नाही आणि प्रोग्राम पडतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की कोणता टॅब किती मेमरी खातोय ते दिसतं. 'मेमरी सेव्हर' चालू करा. आणि जमलं तर रॅम ८ जीबी करून घ्या. जुन्या पण धड मशिनवर हा खर्च नवं मशिन घेण्यापेक्षा कितीतरी कमी असतो.

३. अँटिव्हायरस. हा संशयित लोक सहसा विसरतात. काही सुरक्षा प्रोग्राम ब्राउझरच्या आत स्वतःचा कोड घुसवून पहारा देतात. २०१७ मध्ये क्रोमच्या टीमने सांगितलं होतं, की विंडोजवर ज्यांच्याकडे असा कोड घुसवणारे प्रोग्राम आहेत, त्यांचा क्रोम पडण्याची शक्यता १५ टक्के जास्त असते. मेल प्रोग्राममध्येही अँटिव्हायरस येणारा-जाणारा मेल तपासतो. म्हणजे एकच पाहुणा दोन्ही घरांत.

पहारेकरीच बिघडला तर काय होतं, ते १९ जुलै २०२४ ला सगळ्यांनी पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे विंडोजवरचे ८५ लाख कॉम्प्युटर ठप्प झाले. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

म्हणून दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. जो मुदत संपलेला आहे, तो पूर्ण काढून टाका आणि मशिन रीस्टार्ट करा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर मग आपोआप काम हातात घेतो. दोन दिवस तसं चालवून बघा.

४. ग्राफिक्स. आजचे ब्राउझर पान रंगवायचं काम ग्राफिक्स चिपकडे देतात. ड्रायव्हर जुना असेल तर व्हिडिओ लावला किंवा पान सरकवलं की क्रॅश होतो. क्रोम आणि एजमध्ये 'सिस्टिम' सेटिंगमध्ये ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशनचं बटण आहे. ते बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा. त्याने थांबलं तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ग्राफिक्स ड्रायव्हर नवा घ्या आणि बटण परत चालू करा.

५. एक्स्टेंशन आणि अ‍ॅड-इन. ब्राउझरमध्ये गेस्ट विंडो उघडा, तिथे एक्स्टेंशन नसतात. फायरफॉक्स आणि थंडरबर्ड शिफ्ट दाबून सुरू करा, आउटलुक कंट्रोल दाबून. तिघंही मग साध्या अवस्थेत उघडायचं का असं विचारतात. अशा अवस्थेत नीट चाललं, तर सगळी एक्स्टेंशन बंद करून एकेक चालू करत जा. जे चालू केल्यावर पडलं, ते काढून टाका.

६. जुनं विंडोज. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० व्या आवृत्तीपासून क्रोम विंडोज ७ आणि ८.१ वर चालत नाही. त्या मशिनवर १०९ वरच अडकून राहावं लागतं, आणि नव्या साइट त्यात अडखळतात. विंडोज १० चा नियमित पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजसोबत फुकट येणाऱ्या जुन्या 'मेल' अ‍ॅपचा पाठिंबा २०२४ च्या शेवटीच संपला. तुमचा मेल प्रोग्राम तोच असेल तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, दुसरा निवडा.

कोकणातला खास संशयित : लाइट

हे सगळं कुठल्याही गावाला लागू आहे. पण आपल्याकडे एक कारण जास्त जोरात काम करतं.

पावसाळ्याच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विजा, वादळं, तारांवर पडणाऱ्या फांद्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मंडणगड-दापोलीकडे विजेचे खांबच आडवे झाले, अनेक गावं कित्येक दिवस अंधारात होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. एवढं मोठं संकट रोज नसतं. पण लाइट दोन सेकंद जाऊन येणं हे नेहमीचंच आहे, आणि कॉम्प्युटरला तेवढंच पुरतं.

का, ते समजून घ्या. तुम्ही मेल मिळाल्याचं बघता, तेव्हा तो डिस्कवर पूर्ण लिहून झालेला असेलच असं नाही. विंडोज लिहायच्या गोष्टी थोडा वेळ रॅममध्ये धरून ठेवतं आणि मग एकदम लिहितं. त्या मधल्या क्षणी वीज गेली की फाइल अर्धवट राहते. डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे हा हिशोब विंडोज बऱ्यापैकी सांभाळतं. पण फाइलच्या आतला मजकूर नीट आहे की नाही, याची हमी ते देत नाही. ब्राउझरचं प्रोफाइल आणि मेलची फाइल या सतत लिहिल्या जाणाऱ्या फाइल्स आहेत. त्यामुळे दणका आधी यांनाच बसतो. दोघं एकत्र का बिघडतात, याचं एक उत्तर इथे आहे.

अशी शंका असेल तर सी ड्राइव्हवर उजवं क्लिक करा, 'प्रॉपर्टीज', 'टूल्स' आणि 'चेक'. डिस्क तपासली जाते. त्यानंतर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून इंग्रजीत 'एसएफसी', एक मोकळी जागा, पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला जोडून 'स्कॅननाऊ' असं लिहा. विंडोजच्या खराब झालेल्या फाइल्स ते शोधून दुरुस्त करतं. डिस्कचीच तब्येत बघायची असेल तर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा मोफत प्रोग्राम आहे. त्याने 'कॉशन' किंवा 'बॅड' दाखवलं तर बाकी सगळं सोडा, आधी डेटा दुसरीकडे हलवा आणि डिस्क बदला.

रॅम तपासायला स्टार्टमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' शोधा. मशिन रीस्टार्ट होऊन चाचणी चालते. बिघडलेल्या रॅमची ओळख म्हणजे क्रॅशला काही ताळतंत्र नसतं. आज ब्राउझर, उद्या मेल, परवा निळा पडदा. किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसू शकतो. दुरुस्तीवाले ती काढून, साध्या खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने पुसून परत बसवतात. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. माहिती नसेल तर हे स्वतः करू नका.

आणि पुढच्या पावसाळ्यासाठी तीन गोष्टी. डेस्कटॉप असेल तर यूपीएस घ्या, म्हणजे लाइट गेल्यावर काम सेव्ह करून मशिन नीट बंद करायला वेळ मिळतो. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर त्याचं बटण 'नॉर्मल'वर नव्हे, 'यूपीएस'वर आहे का बघा. आणि लॅपटॉपची बॅटरी संपूर्ण गेलेली असेल तर तो लॅपटॉपही लाइट गेल्यावर डेस्कटॉपसारखाच धाडकन बंद होतो, हे विसरू नका. विजा कडाडत असतील तर प्लगसोबत नेटची केबलही काढा.

मेल प्रोग्रामची स्वतःची दुखणी

वरचं सगळं करून ब्राउझर सुधारला, पण मेल अजून पडतोय, असंही होतं. तेव्हा मेलची फाइल बघा.

आउटलुकची पीएसटी फाइल किती मोठी झाली आहे? आउटलुक २०१० पासून तिची नेहमीची मर्यादा ५० जीबी आहे, पण त्याच्या बऱ्याच आधीच ती जड व्हायला लागते. दुरुस्तीसाठी ऑफिससोबतच 'स्कॅनपीएसटी' नावाचा प्रोग्राम येतो. तो चालवण्याआधी फाइलची प्रत काढलेली असलीच पाहिजे.

थंडरबर्ड नेहमीच्या सेटिंगमध्ये अख्खा इनबॉक्स एकाच फाइलमध्ये ठेवतो. पुसलेले मेलसुद्धा त्या फाइलमधून लगेच जात नाहीत, 'कॉम्पॅक्ट' केल्यावर जातात. ते अधूनमधून करा. मेलची यादी विचित्र दिसत असेल तर फोल्डरवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रिपेअर फोल्डर' दाबा. त्याने यादी नव्याने बनते.

इथे एक धोका लक्षात ठेवा. त्या एकाच फाइलमधल्या एका मेलमध्ये व्हायरस सापडला, तर काही अँटिव्हायरस अख्खी फाइल उचलून कोंडून ठेवतात. म्हणजे एका मेलपायी सगळा इनबॉक्स गायब. तसं झालं तर घाबरू नका आणि काही पुसू नका. अँटिव्हायरसच्या 'क्वारंटाइन' यादीत बघा, फाइल तिथून परत मिळू शकते.

फोनवर असंच होत असेल तर

प्ले स्टोअरमध्ये जाऊन 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' आणि क्रोम ही दोन्ही अपडेट करा. फोनची जागा तपासा, व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ हे तिथलं सगळ्यात मोठं ओझं असतं. मग त्या अ‍ॅपची 'कॅशे' पुसा. 'डेटा' पुसू नका, त्याने अ‍ॅपमधलं सगळं जातं. फॅक्टरी रीसेट हा फोनचा फॉरमॅटच आहे, म्हणून तो सगळ्यात शेवटी.

हा क्रॅश नव्हे, फसवणूक आहे

ब्राउझर अचानक पूर्ण पडदा व्यापतो, भोंगा वाजतो, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर लगेच फोन करा' असं दिसतं. वर मायक्रोसॉफ्टचं चिन्हही असतं. हे साधं वेबपान आहे. मायक्रोसॉफ्ट चुकीच्या संदेशात फोन नंबर देत नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, यादीतून ब्राउझर निवडून 'एंड टास्क' करा. पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू नका. त्या नंबरवर फोन करू नका, आणि कुणाच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकू नका. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

दुकानात न्यायची वेळ आली तर

मशिन देताना 'चालत नाही' एवढंच सांगू नका. चार गोष्टी सांगा. कोणते प्रोग्राम पडतात, कधीपासून, सेफ मोडमध्ये पडतात की नाही, आणि मेलची प्रत काढली आहे की नाही. रिलायबिलिटीच्या तक्त्याचा फोनवर फोटो काढून न्या. आणि स्पष्ट सांगा, 'मला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नका.' चांगला दुरुस्तीवाला या माहितीने खूशच होतो, त्याचा अर्धा वेळ वाचतो.

फॉरमॅट हा उपाय चुकीचा नाही. विंडोजच्या फाइल्स पार बिघडल्या असतील तर तोच करावा लागतो. पण डिस्क किंवा रॅम खराब असताना फॉरमॅट मारला, तर चार दिवसांनी तेच दुखणं परत येतं, आणि तोवर मेल मात्र गेलेले असतात.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी मेलची प्रत. मग विंडोजची डायरी. मग सेफ मोड. मग जागा, रॅम, अँटिव्हायरस, ग्राफिक्स. मग डिस्क आणि रॅमची तपासणी. आणि फॉरमॅट अगदी शेवटी. मेलची प्रत काढायला मशिन बंद पडायची वाट बघायची गरज नाही, आज सगळं ठीक चालू असेल तर ती आजच काढून ठेवा.